मदत हवी आहे: एफ-१ वर दोन ऑन-कॅम्पस जॉब, २० तास नक्की कसे मोजतात?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत मास्टर्स करतेय, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा, पहिलंच सेमिस्टर. ऑन-कॅम्पस जॉबबद्दल जो तो वेगळंच सांगतोय आणि ऐकून ऐकून डोकं भणभणलंय म्हणून शेवटी इथे विचारतेय.

जे पक्कं माहितीये ते आधी सांगते, म्हणजे कोणी तेच परत टाइप करत बसायला नको. कॉलेज चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, सुट्टीत फुल टाइम चालतं, ईएडी कार्ड (सरकारी वर्क परमिट) लागत नाही. डिपार्टमेंटचं आणि डीएसओचं (कॉलेजातले परदेशी विद्यार्थ्यांचे अधिकारी) लेटर दाखवून एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) पण काढून झाला. फेडरल वर्क-स्टडीच्या (सरकारी मदतीतून पगार मिळणाऱ्या जॉबच्या) जाहिराती आपल्यासाठी नसतात हेही कळलं (पोर्टलवर त्याच जास्त दिसतात, वैताग नुसता).

आता खरी अडचण. डायनिंग हॉलमध्ये मला आठवड्याला १२ तास मिळालेत, आणि आता एक प्रोफेसर ग्रेडर (असाइनमेंट तपासणारी) म्हणून १० तास देतायत, म्हणजे झाले २२. रूममेट म्हणते लिमिट प्रत्येक जॉबला वेगळं असतं, एक सीनियर म्हणतो महिन्याची सरासरी २० च्या आत बसली की झालं, आणि डायनिंगचा सुपरवायझर तर सरळ म्हणाला की वरचे दोन तास पुढच्या आठवड्याच्या टाइमशीटवर टाक, सगळे तेच करतात. तो इथला सिटिझन, त्याला काय फरक पडतो म्हणा.

शिवाय डायनिंग हॉल युनिव्हर्सिटी स्वतः चालवत नाही, बाहेरच्या कंपनीला कॉन्ट्रॅक्ट दिलंय आणि पेस्लिपवर कंपनीचंच नाव येतं, मग हा ऑन-कॅम्पस धरतात का? आणि हिवाळ्याच्या सुट्टीत फुल टाइम करायचं तर पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन आधी झालेलं लागतं का? कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
रूममेट आणि सीनियर दोघेही चूक. २० तास म्हणजे सगळे ऑन-कॅम्पस जॉब मिळून, आणि दर आठवड्याला, सरासरी बिरासरी काही नाही. आठवडा कुठल्या वारापासून मोजतात ते तुझ्या इंटरनॅशनल ऑफिसला विचार, बऱ्याच ठिकाणी रविवार ते शनिवार धरतात.

टाइमशीटचं तर अजिबात ऐकू नकोस. तास ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचेच, दुसरीकडे लिहिले म्हणून २२ चे २० होत नाहीत, उलट खोटं रेकॉर्ड तुझ्याच सहीने तयार होतं. परवानगीपेक्षा जास्त काम म्हणजे स्टेटस (इथे कायदेशीर राहण्याची स्थिती) मोडलं. एरवी स्टेटस गेलं तर रीइन्स्टेटमेंटचा (स्टेटस परत मिळवण्याचा) अर्ज तरी करता येतो, पण त्याची एक अटच आहे की अनधिकृत काम केलेलं नसावं. दोन तासांच्या पगारासाठी कशाला ही भानगड.

कंपनीचं म्हणशील तर कॅम्पसवरच विद्यार्थ्यांना सेवा देणारी बाहेरची फर्म चालते, कँटीन, पुस्तकांचं दुकान वगैरे. पण तीच कंपनी 'आज जरा आमच्या शहरातल्या ब्रँचला जा' म्हणाली तर जायचं नाही. कॅम्पसवर बिल्डिंग बांधणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे पण चालत नाही, कारण ती विद्यार्थ्यांसाठीची सेवा नव्हे.

सुट्टीबद्दल, नियमात पुढच्या टर्मला रजिस्टर व्हायला पात्र असणं आणि तसा इरादा असणं एवढंच आहे, पण काही युनिव्हर्सिट्या रजिस्ट्रेशन झालेलं दाखवा म्हणतात. फी बाकी म्हणून रजिस्ट्रेशनवर होल्ड वगैरे असेल तर आत्ताच सोडवून घे.

प्रतिसाद २:
वरचं सगळं बरोबर. पेस्लिप आत्ता उघडून बघ, सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापतायत का? पहिलंच वर्ष आहे म्हणजे टॅक्ससाठी तू नॉनरेसिडेंट असणार, मग हे दोन्ही लागत नाहीत. युनिव्हर्सिटीच्या पेरोलला हे ठाऊक असतं, बाहेरच्या कंपनीचे लोक मात्र सर्रास कापतात. आधी त्यांच्याकडेच परत माग, नाही दिले तर आयआरएसचा (टॅक्स खात्याचा) फॉर्म ८४३ भरायचा. आणि पुढे टीएशिप (टीचिंग असिस्टंटचं काम) मिळाली आणि लेटरवर २० तास लिहिलेले असतील तर डायनिंग सोडावं लागेल, काम प्रत्यक्षात १२ तासांचं निघालं तरी बहुतेक ठिकाणी लेटरवरचाच आकडा धरतात.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे. पेस्लिप बघितली, दोन्ही कापलेत!! उद्याच मेल करते. ग्रेडरचं काम घेतेय आणि डायनिंगचे १० करून मागते. फक्त सुपरवायझरला कसं सांगू, तो जरा तिरसट आहे.

प्रतिसाद १:
तोंडी सांगत बसू नकोस, मेल टाक. व्हिसाच्या नियमामुळे या आठवड्यापासून मला १० तासांपेक्षा जास्त शिफ्ट देऊ नका, एवढी एकच ओळ, आणि सीसीमध्ये डीएसओ. तिरसटपणा आपोआप उतरतो.