चालती किडनी काढायची की तुटलेली नळी पुन्हा बसवायची?

तापीकाठचा
रावेर तालुक्यातल्या आमच्या मामींचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, त्यात डावी मूत्रवाहिनी, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी, टाक्यात सापडली. गर्भाशयाची धमनी या नळीच्या वरूनच जाते, रक्तस्राव थांबवताना घोटाळा होतो तो तिथेच. कळेपर्यंत डावी किडनी फुगली होती. सध्या पाठीतून नळी घालून लघवी बाहेर काढली आहे. मूत्रवाहिनीचा खालचा ५-६ सें.मी. भाग निकामी. स्कॅनमध्ये एकूण कामापैकी ३५ टक्के काम अजून डावी किडनी करते. तरी निम्मं घर म्हणतंय, काढून टाका, दुसरी आहे ना.

माझं मत, काढू नये. खान्देशात तर मुळीच नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या घरात, दिवसभर केळीच्या बागेत काम, पाणी पिणं बेताचं, आणि मामींना आधी एकदा खडा होऊन गेलाय. उरलेल्या एकाच किडनीच्या नळीत खडा अडकला तर लघवीच बंद.

शिरपूरकर
भाऊ, तुनं म्हननं खरं शे, पन पैसा कोन देई? किडनीदान करणारे एका किडनीवर आयुष्य काढतातच. नळी जोडली, ती पुन्हा आकसली, मग ती उघडी ठेवायला आत परत स्टेंटची बारीक नळी, परत चकरा. त्यापेक्षा एकदाच काय ते करा आणि बाई कामाला लागू दे.

तापीकाठचा
दात्याची आधी कसून तपासणी होते. वारंवार खडे होणाऱ्या माणसाला दाता म्हणून घेताना डॉक्टर दहादा विचार करतात. मामींना तो नियम का नको?

ओटीतली_सिस्टर
दोघांनीही थोडं थांबा. "नळी जोडणे" म्हणजे तुटलेली दोन टोकं शिवणे असं धरून चाललात. ते वरच्या किंवा मधल्या भागात चालतं, तेही २-३ सें.मी.चंच अंतर असेल तर. तळाशी नळीचा रक्तपुरवठा दुखावलेला असतो, म्हणून तिथे टोकं शिवत बसत नाहीत. खराब भाग सोडून देतात आणि वरचं निरोगी टोक थेट मूत्राशयात नव्याने बसवतात.

टोक पोचत नसेल तर मूत्राशयच वर आणायचं. ते मोकळं करून पोटाच्या मागच्या सोआस स्नायूला टाके घालून अडकवतात. याला सोआस हिच म्हणतात, ६ ते १० सें.मी.ची तूट त्यात भरून निघते. मामींची केस यातच बसेल असं वाटतं. त्याहून जास्त गेलं असेल तर बोआरी फ्लॅप: मूत्राशयाच्या पुढच्या भिंतीची पट्टी कापून, तिची नळी वळून वर नेतात, १२-१५ सें.मी.पर्यंत. बोआरीने हे १८९४ साली कुत्र्यावर करून दाखवलं होतं, म्हणजे काल आलेलं फॅड नाही. अट एकच, मूत्राशय मोठं आणि लवचीक हवं. ओटीपोटाला रेडिएशन दिलेलं असेल तर गणित बदलतं.

नवापूरची_पोर
डावी नळी उजवीला जोडून दिली तर? आमच्याकडे एकाला तसं सुचवलं होतं. आतड्याचा तुकडा लावतात असंही ऐकलंय.

ओटीतली_सिस्टर
खडे होणाऱ्या पेशंटला पहिलं नकोच. दोन किडन्यांचं पाणी एका नळीतून, तिथे खडा अडकला की दोन्ही एकदम संकटात. चांगल्या उजव्या बाजूलाही उगाच कात्री लागते. आतडं शेवटी, जवळपास सगळी नळीच गेली असेल तेव्हा. आतडं लघवीतले क्षार परत शोषतं, रक्तात आम्ल वाढतं, लघवीत चिकट स्राव येतो. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन २ च्या वर असेल तर त्याच्या वाटेला जात नाहीत. किडनी उचलून खाली ओटीपोटात बसवण्याचाही मार्ग आहे, पण ५-६ सें.मी.साठी एवढा पसारा कोणी मांडत नाही.

भरीत_भाकरी
सिस्टरचं पटलं. पण घाई कशाला? आमच्या ओळखीच्या सर्जननी सूज उतरायला तीन महिने थांबा असंच सांगितलं होतं. ताज्या जखमेत टाके धरत नाहीत.

यावलवाली
तीन महिने पाठीला पिशवी लटकवून राहून बघा म्हणजे कळेल! ती नळी निसटते, ताप येतो, रात्री कुशीवर वळता येत नाही. पहिल्या काही दिवसांत लक्षात आलं तर लगेच दुरुस्ती करणारेही आहेत. जंतुसंसर्ग नसेल, पेशंट ठणठणीत असेल, तर थांबण्याचा हट्ट नको.

भरीत_भाकरी
आणि घाईत केलेलं गळलं तर दुसऱ्या वेळी ओढायला मूत्राशय कुठून आणाल? मी थांबण्याच्याच बाजूचा.

शिरपूरकर
बरं, ३५ टक्के आहे म्हणून एवढी चर्चा. ८-१० असती तर?

ओटीतली_सिस्टर
तर मीच म्हटलं असतं, काढा. साधारण १०-१५ च्या खाली गेलेल्या किडनीसाठी एवढं मोठं ऑपरेशन करण्यात अर्थ नसतो. तापीकाठचा, पाठीतल्या नळीतून रोज किती लघवी येते ते लिहून ठेवा, सर्जन पहिलं तेच विचारेल.

तापीकाठचा
लिहितोय. आता प्रश्न जळगाव, धुळे की थेट नाशिक.

शिरपूरकर
गाव नंतर ठरव. ज्याच्याकडे जाशील त्याला तोंडावर विचार, वर्षाला अशी किती करता. आकडा सांगताना अडखळला तर पुढची बस धर. आणि सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते भरती व्हायच्या आधी दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाकडून, आरोग्यमित्राकडून, पक्कं करून घे. माझं मत अजून तेच आहे, पण करणारच असाल तर एवढं करा.