मदत हवी आहे : जपानमधली डोंगरातली गावं, वाटाड्यासोबत की आपलं आपण?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटी मी आणि माझी मैत्रीण जपानला जातोय. तोक्यो-क्योतो धावत बघण्यात आम्हा दोघींनाही रस नाही. मन अडकलंय ते शिराकावा-गो आणि गोकायामाच्या गावांत. उतरत्या गवती छपरांची ती उंच घरं, पोटमाळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. १९९५ पासून ही गावं जागतिक वारसा यादीत आहेत. शिराकावा-गोला फार गर्दी असते म्हणतात, म्हणून मुक्काम गोकायामातल्या आइनोकुरा गावात करावा असं मला वाटतंय. तिथे जुन्या घरात कोणी राहिलंय का?

पुढे किसो खोऱ्यात नाकासेंदो या जुन्या राजमार्गावर मागोमे ते त्सुमागो चालायचंय, साधारण आठ किलोमीटर. मैत्रिणीचे गुडघे कुरकुरतात. मागोमेकडून निघालं तर चढ कमी आहे, पण खिंडीनंतरचा उतार तिला झेपेल का? पाऊस झाला तर दगडी वाट निसरडी होते का?

मुख्य काळजी जेवणाची. ती पक्की शाकाहारी, आणि तिथे साध्या सूपातही सुक्या माशांचा अर्क असतो. घरगुती मुक्कामात आधी कळवलं तर खरंच वेगळं करून देतात का?

सहल कंपनीचा वाटाड्या घेतला तर हे प्रश्न सुटतील, पण खर्च बराच वाढतो. भाषा येत नसताना तुम्ही कसं निभावलंत? स्वतः जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा, सविस्तर लिहिलंत तर फारच बरं.