मदत हवी आहे : डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र) थेरपी घेतलेले कुणी आहे का?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा साडेतीन वर्षांचा. हाक मारली तर वळून बघत नाही, कुकरचं झाकण मात्र तासन्‌तास गरगर फिरवत बसतो. अंगणवाडीतल्या तपासणीत डॉक्टरांना ऑटिझमची शंका आली, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीसाठी चिठ्ठी दिलीय. सासूबाई म्हणतात, "असली दुखणी बंगलेवाल्यांच्या पोरांना, आपला बोलेल उशिरा." (१९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरने नोंदवलेली ऑटिझमची ११ मुलंही बहुतेक शिकल्या-सवरल्या घरांतली होती. पण त्याच्यापर्यंत पोचणार कोण, तर तीच मंडळी!)

खासगीत एका वेळचे सातशे सांगतात, ते शक्यच नाही. सरकारीत फुकट आहे, पण एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज कोण देणार?

तिथे आठवड्यातून किती वेळा बोलावतात? आईला घरी करून घ्यायच्या गोष्टी नीट शिकवतात का, म्हणजे फेऱ्या कमी होतील? ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वासाठीच्या सरकारी निरामय आरोग्य विम्यात एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसकट. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. इतक्या लहान मुलाचा कुणी काढलाय का? किती दिवस लागले? सातारा-सांगलीकडच्यांनी जरूर सांगा.