मदत हवी आहे : परसातल्या टाकीत भेकांनी अंडी घातली होती, आता पिल्लं बाहेर कशी पडतील?

नमस्कार मंडळी,

मी डिचोली तालुक्यात राहते. आमच्या परसात माडांच्या मधोमध चिऱ्यांची, आतून सिमेंट लावलेली टाकी आहे. सासऱ्यांनी शिंपण्याच्या पाण्यासाठी बांधून घेतली होती, आता तिच्यात कमळं आणि शेवाळ आहे. ६ फूट लांब, ४ फूट रुंद, भिंती अगदी उभ्या. माझी काळजी या उभ्या भिंतींचीच आहे.

मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री टाकी काठोकाठ भरली आणि जेवणं आटोपता आटोपता आवाज सुरू झाला. डराव-डराव नव्हे, एकसुरी, लांबच लांब कुर्रर्रर्र. टॉर्च घेऊन गेले तर आठ-दहा भेक. आमच्याकडे सगळ्यांना बेडूकच म्हणतात, पण हे भेकच : कोरडी खडबडीत कातडी, डोळ्यांभोवती काजळ रेखल्यासारख्या काळ्या कडा, डोळ्यांमागे फुगीर गाठी. नर गळ्याचा फुगा करून ओरडत होते. मादी त्यांच्याहून बरीच थोराड. पाठीवरच्या नराने तिच्या काखेत घातलेला विळखा ती पोहत असतानाही सुटत नव्हता. एक नर चुकून दुसऱ्या नरावर चढला, तेव्हा खालच्याने अंग हलवून चुकचुक आवाज केला आणि वरच्याने त्याला लगेच सोडलं!

एका मादीला मात्र तिघे बिलगले होते. ती सारखी पाण्याखाली जात होती. मध्ये पडू की नको, या विचारात मी उभी राहिले. सकाळी ती मेलेली सापडली. तेव्हापासून मनाला चैन नाही.

त्याच सकाळी कमळाच्या देठांना काळ्या मण्यांची पोत गुंडाळावी तसे अंड्यांचे सर दिसले. बुळबुळीत पारदर्शक दोरी, आत ओळीने काळे ठिपके. दोन-तीन दिवसांत पिल्लं सुटी झाली. आता तीन आठवडे झालेत, काहींना मागचे पाय फुटलेत. काळ्याभोर पिल्लांचा थवाच्या थवा एकत्र फिरतो.

पण पावसाने आठवडाभर दडी मारली आहे. टाकी कुठेतरी झिरपते, पाणी काठापासून वीतभर खाली गेलं आहे. गेल्या वर्षी असंच झालं तेव्हा मी नळाची नळी थेट टाकीत सोडली होती. संध्याकाळपर्यंत निम्मी पिल्लं तळाशी पडलेली. ती चूक पुन्हा करायची नाही.

तर, पाणी कोणतं घालू? उभ्या भिंतीवरून ती चढतील का? डासांच्या अळ्या तपासायला येणाऱ्या ताई गप्पी मासे सोडायला सांगतात, ते सोडू का? आणि आमचा कुत्रा भेकांना हुंगत फिरतो, त्याला काही होईल का?

प्रतिसाद १

ताई, गेल्या वर्षी घात केला तो बहुतेक नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने. पिल्लं कल्ल्यांनी श्वास घेतात आणि क्लोरीन कल्लेच जाळतं. विहिरीचं किंवा पागोळ्यांचं पाणी घाला, तेही एकदम नको, रोज थोडं थोडं. खायला काही टाकू नका. पिल्लं शेवाळ खरवडून खातात, वरून भात-पोळी टाकली की पाणी नासतं.

भिंतीचं लगेच बघा. पुढचे पाय फुटले की शेपटी अंगात जिरायला लागते, कल्ले जाऊन फुप्फुसं काम करू लागतात. तेव्हा टेकायला जागा नसेल तर ती त्याच पाण्यात बुडून मरतात. माडाच्या चुडताचा जाड बुंधा तिरका लावा, एक टोक पाण्यात, दुसरं काठावर. जोडीला चिऱ्याचे तुकडे रचा. बाहेर येणारी पिल्लं नखाएवढीही नसतात, म्हणून काठाशी ओला पालापाचोळा असू द्या.

प्रतिसाद २

फोंड्याहून लिहितोय. आमच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) दरवर्षी हेच चालतं. मासे आत्ता नकोत, बारके मासेसुद्धा पिल्लांच्या शेपट्या कुरतडतात. पण त्या ताईंचं म्हणणंही खोटं नाही, भेकाची पिल्लं डासांच्या अळ्यांवर जगत नाहीत. रोज सकाळी चहाच्या गाळणीने अळ्या काढा, पिल्लं बाहेर पडली की मग मासे सोडा.

कुत्र्याला जपा. डोळ्यांमागच्या त्या गाठींत विष असतं. भेक तोंडात धरला तर कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. डोकं खाली धरून, पाणी घशात जाणार नाही असं बाजूने तोंड धुवा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. माणसाला हात लावल्याने चामखीळ येते हे मात्र खोटं. हाताळलंत तर हात धुवा, डोळे चोळू नका, बस्स.

त्या मादीचं मनाला लावून घेऊ नका. एकीला अनेक नर बिलगले की असं होतं. पुढच्या वेळी तिचं नाक पाण्यावर येत नसेल तर ओल्या हाताने वरचे नर हळूच सोडवा. मी सोडवतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शेजारच्या काकींच्या विहिरीचं पाणी आणलं, तीन दिवस दोन-दोन कळशा घातल्या, एकही पिल्लू मेलं नाही. चुडताचा बुंधा लावलाय. कुत्र्याला संध्याकाळनंतर पडवीत बांधते.

आज सकाळी बुंध्याच्या ओल्या भागावर चार पायांचं एक पिल्लू बसलं होतं. मागे शेपटीचा एवढासा खुंट. सासूबाईंना हाताला धरून तिथवर नेलं. त्यांना दिसेना, म्हणून वाकून माडाच्या हिराने दाखवलं, तर ते टुणकन उडी मारून पाल्यात शिरलं.