अकरा वेळा आमदार : गणपतरावांनी सांगोल्याला काय दिलं?

कोरडवाहू

गणपतराव देशमुखांवरचा कुठलाही लेख काढा, दुसऱ्या परिच्छेदात एसटी येतेच. आमदार असून लाल गाडीने प्रवास, साधी राहणी, एकच पक्ष (शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप), एकच मतदारसंघ (सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला), अकरा विजय. संपला लेख. जुलै 2021 मध्ये ते गेले तेव्हा हेच, ऑगस्ट 2023 मध्ये सांगोल्यात पुतळ्याच्या अनावरणाला पवार आणि फडणवीस एका मंचावर आले तेव्हाही हेच. ज्यांच्या सरकारांविरुद्ध हा माणूस बोलत राहिला, तेही साधेपणाची आरती ओवाळतात. त्याला पदरचं काही मोडावं लागत नाही ना!

मला हिशेब हवा आहे. 1962 ते 2019 या काळात 1972 आणि 1995 चे दोन पराभव सोडले तर सांगोल्याची जागा त्यांचीच. सभागृहात मिळून पन्नासेक वर्षं. त्यात मंत्रिपद 1978 च्या, शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारात आणि पुढे 1999 ते 2002 विलासरावांच्या सरकारात; दोन्ही मिळून पाच वर्षंही भरत नाहीत. बाकी बहुतेक काळ विरोधी बाक. म्हणजे निधी वाटणाऱ्यांच्या पंगतीत ते जवळजवळ नव्हतेच. तरी तालुक्याने त्यांनाच का पाठवलं, आणि तालुक्याच्या पदरात काय पडलं?

माझं मत सांगून टाकतो. पाणी सांगोल्याला फार उशिरा आणि फार थोडं मिळालं, आणि त्यातला काही दोष त्यांच्याकडे जातो. पक्ष तर त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळला. पण योजना आणि कायदे यांच्यावर सभागृहात चिकाटीने काम करणारा आमदार म्हणून त्यांच्या तोडीचे फार निघणार नाहीत. एसटी बाजूला ठेवून यावर बोलू या.

लाल_बावटा

दोष कसला? सांगोला नकाशावर बघितलंय का? माण नदी पावसाळ्यातसुद्धा भरवशाची नाही. कृष्णेचं पाणी आणायचं तर टप्प्याटप्प्याने उचलून आणावं लागतं. पंप, वीजबिल, कालवे, सगळा राज्याच्या तिजोरीचा मामला. ती तिजोरी ज्यांच्या हातात होती त्यांचे साखर कारखाने नदीकाठी होते. पाणी कुठे मुरलं ते त्यांना विचारा.

आणि आबा, म्हणजे गणपतराव, गप्प बसले नव्हते. 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव, भारत पाटणकर ही मंडळी आणि तेरा दुष्काळी तालुके. समन्यायी पाणीवाटप ही मागणी तिथून पुढे आली. एकट्या सांगोल्यासाठी भांडले असते तर मुंबईत कुणी ढुंकून पाहिलं नसतं. तेरा तालुके एकत्र आले म्हणून ऐकावं लागलं.

आकडेमोड

कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागात आणणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेला सुरुवात 1996 ला. त्या वेळी सांगोल्याचे आमदार कोण? शहाजीबापू पाटील. 1995 ला ते आबांना 192 मतांनी हरवून आले होते. राज्यात युतीचं सरकार, आणि कृष्णा खोरे विकास महामंडळही 1996 चंच. म्हणजे गणपतराव सभागृहाबाहेर असताना पाण्याच्या कामाला गती आली. कुणाला श्रेय द्यायचं ते तुम्ही ठरवा, मी तारखा सांगितल्या.

लाल_बावटा

अर्ध्याच सांगितल्या. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाच्या निवाड्याचा फेरविचार 31 मे 2000 नंतर व्हायचा होता. त्याआधी आपल्या वाट्याचं पाणी अडवून दाखवणं भाग होतं, म्हणून सरकारची धावपळ. युती असो की काँग्रेस, महामंडळ काढावंच लागलं असतं. पण अडवलेलं पाणी कोणत्या तालुक्यांना द्यायचं, हा दबाव पाणी परिषदेचा. तो 1993 चा आहे, 1996 चा नाही. आणि 1995 ला पडल्यावर आबा घरी बसले असते तर 1999 ला लोकांनी परत पाठवलं नसतं.

शेततळं

मी सांगोल्याचाच. तुम्ही सगळे टेंभूवर भांडताय, पण आमच्याकडं पैसा आला तो डाळिंबातनं. 1990 ला रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, माळरानावर खड्डे घेतले, बोर आणि डाळिंब लावलं. पुढं ठिबक, पुढं शेततळी. आमच्या तालुक्यातलं अजनाळे बघून या एकदा, शेततळ्यांनी गाव भरलंय. कालव्याची वाट बघत बसलो असतो तर म्हातारे झालो असतो.

ती योजना पवारांच्या सरकारची, हे मान्य. पण कागदावरची योजना बांधावर कुणी आणली? तहसीलला कागद अडला की लोक आबांकडं जायचे, आणि आबा साहेबाला कायदा कलमासकट सांगायचे. वकील माणूस, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. भायेरचा माणूस येऊन अकरांदा निवडून येतो, ते काय उगाच व्हय?

सूतगिरणीचं पण कुणी बोलंना. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढली आणि नीट चालवून दाखवली. जिल्ह्यात बाकीच्यांच्या संस्थांचं काय झालं ते मी बोलत नाही.

आकडेमोड

कलमासकट कायदा सांगणारा आमदार लागतो याचा अर्थ तहसील कार्यालय चालत नव्हतं. पन्नास वर्षांनीही चालत नव्हतं.

बाकी वाहिन्या अकरा विजयांना 'देशातला विक्रम' म्हणतात, तो शब्द जरा जपून वापरा. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, मतदारसंघ बदलत का होईना. केरळमध्ये के. एम. माणी 1965 पासून 2016 पर्यंत पाला या एकाच मतदारसंघातून प्रत्येक निवडणूक जिंकले, ओमन चांडी पुतुपल्लीतून 1970 पासून 2021 पर्यंत. आपल्या वाहिन्यांना विंध्याच्या खाली कर्नाटक संपलं की समुद्रच दिसतो.

रायगडकरीण

पक्षाबद्दल कोरडवाहू एका वाक्यात बोलून मोकळे झाले. आमच्याकडे अलिबाग-पेणला तो घराघरातला विषय आहे. दाभाडीचा प्रबंध (मार्क्सवादी वाट सांगणारा पक्षाचा जाहीरनामा) मांडणारा, काँग्रेसला गावागावांत घाम फोडणारा पक्ष 2014 ला तीन आमदारांवर आला. सांगोला, अलिबाग, पेण. 2019 ला एक, तोही लोह्याचा.

आणि 2002 आठवा. रायगड जिल्हा परिषदेवरून राष्ट्रवादीशी बिनसलं, शेकापने विलासरावांच्या सरकारचा पाठिंबा काढला. रोजगार हमी आणि पणन खातं सांभाळणाऱ्या गणपतरावांचं मंत्रिपद त्यात गेलं. भांडण आमच्या जिल्ह्याचं, खुर्ची गेली सांगोल्याची! पक्षाचा आदेश म्हणून ते बाहेर पडले. निष्ठा म्हणून मोठंच आहे. पण रोहयोचं खातं दुष्काळी भागातल्या माणसाच्या हातात होतं, ते अशा कारणासाठी सोडायचं? मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

कोरडवाहू

रायगडकरीण, तुमचा मुद्दा नेमका आहे, आणि मी इथे त्यांच्या बाजूने बोलणार आहे.

रोजगार हमीचे जनक वि. स. पागे, काँग्रेसचे. 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली, तेव्हा गणपतराव निवडणूक हरलेले; 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. कायदा 1977 ला मंजूर झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू. म्हणजे अंमल सुरू झाला तेव्हा ते पुलोदमध्ये मंत्री होते. नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून खडी फोडणाऱ्याला मजुरी द्यायची, ही कल्पना टिकली ती डावे आणि शेकापवाले मजुरीचे दर, मस्टर (मजुरांचा हजेरीपट), काम पंधरा दिवसांत मिळालं की नाही, यावर रस्त्यावर आणि सभागृहात सतत भांडले म्हणून. सरकारने कायदा केला, पण त्याची राखण विरोधकांनी केली. गणपतराव या राखणदारांपैकी होते, विरोधी पक्षनेतेही होते. ते ज्या खात्यासाठी भांडत आले ते खातं त्यांना मिळालं आणि पक्षाच्या वादापायी तीन वर्षांच्या आत गेलं, यात मला त्यांच्या हट्टापेक्षा लहान पक्षाची गोची दिसते. पाच आमदारांच्या पक्षाला सरकार हलवता येतं, खातं टिकवता येत नाही.

अशा कामाचा पुतळा होत नाही, हीच माझी तक्रार. एसटीचा फोटो निघतो.

जुनाजाणता

सगळं ठीक, पण शेवट बघा. 2019 ला वयामुळे थांबले. आधी घराबाहेरचा उमेदवार पुढे आला, मग कार्यकर्त्यांनी आग्रह धरला आणि नातू उभा राहिला. अनिकेत देशमुख शहाजीबापूंकडून 768 मतांनी पडले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब पंचवीस हजारांहून जास्त मतांनी आले. घराणेशाहीवर आयुष्यभर टीका करणाऱ्या पक्षाची राज्यातली एकुलती एक जागा आज घराण्याची आहे. कार्यकर्ते तयार केले म्हणता, मग पन्नास वर्षांत एक वारस घराबाहेर सापडू नये?

लाल_बावटा

घरातला असला तरी निवडून लोकांनी दिलाय. ज्या शहाजीबापूंना 2019 ला आणलं ते गुवाहाटीला जाऊन काय झाडी, काय डोंगार करत बसले, त्याचा राग होता. आडनाव बघून नाही, तो राग धरून मतं पडली.

जुनाजाणता

राग होताच, नाही म्हणत नाही. पण तो राग घराबाहेरच्या शेकाप उमेदवाराच्या पेटीत पडला असता का, एवढंच सांगा.

शेततळं

पडला नसता. आमच्याकडं मत पक्षाला नव्हतंच कधी, आबाला होतं. धनगर समाजाचं गणित पण होतं, ते कशाला लपवायचं. पण नुसत्या गणितानं अकरांदा जमत नाही, 1995 ला गणित तेच होतं की.

आणि कोरडवाहू, एसटीवर एवढं चिडू नका. एसटीत बसलेल्या आमदाराला मस्टरवरची बाई थेट गाठून सांगू शकत होती, की पंधरा दिवस झाले, मजुरी मिळाली नाही. तुमची ती राखण त्याच गाडीत व्हायची.