कसबा-सोमवार पेठ पायी बघायचीय, सुरुवात कुठून करावी?

सावनी: नाशिकहून आई येतेय. शनिवारवाडा तिने शाळेच्या सहलीत पाहिलाय, आता तिला गल्लीबोळातलं जुनं पुणं बघायचंय. दोनेक तास चालू शकेल. शनिवारी निघू की रविवारी? आणि कुठून?

पेठकर: शनिवारी सकाळी या, कामाचा दिवस हवा. का ते पुढे येतंच. माझं लहानपण कसब्यात गेलंय, म्हणून हक्काने सांगतो, सुरुवात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपासून करा. काळ्या दगडातलं देऊळ, गोसाव्यांनी बांधलेलं. मूर्तीची स्थापना १७७० ची. आत शिरायची घाई करू नका. दर्शनी भिंतीवर बंदूकवाले गोरे शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधतायत. पुण्यात गेंडा! प्लासीनंतर कंपनीने बंगाल घशात घातला त्याचं हे चित्र, असं जाणकार म्हणतात. त्या काळी इथल्या पाथरवटापर्यंत ती बातमी पोचली होती, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, आणि भिंतीवर संस्कृतसोबत फारसी शिलालेख.

तिथून कसब्यात तांबट आळी, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची. त्यांचं काम चालू असताना बघायचं, म्हणून कामाचा दिवस हवा. हे कारागीर पेशवाईत कोकणातून आले. भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके घालतात ते मठारकाम. ती नुसती नक्षी नव्हे. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, पोचे पडत नाहीत. आईंना अंघोळीचा बंब आठवत असेल तर गप्पा रंगतील. फोटो विचारून काढा, आणि काही घेतलंत तर घासाघीस करू नका. हातमजुरीचं काम आहे.

मंडईवाला: गाडी अजिबात आणू नका. मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा.

सावनी: आईचे गुडघे दुखतात. मध्ये बसायला मिळेल का?

पेठकर: कसबा गणपतीच्या मंडपात निवांत टेका. पुण्याचं ग्रामदैवत, विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला. रस्ता तसा सपाटच आहे.

मंडईवाला: मग लाल महाल दोन पावलांवर, तो का सोडायचा?

पेठकर: सोडू नका, पण आईंना आधी सांगा की आजची वास्तू १९८८ ची आहे. १६६३ साली महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो वाडा आता उरलेला नाही. पाय दमले तर तो पुढच्या खेपेला ठेवा, तांबट आळीतला वेळ मात्र कापू नका.