श्यांगछी इंग्रजीतून कशी शिकावी?

प्रश्न: मला बुद्धिबळ बऱ्यापैकी येते आणि आता श्यांगछी, म्हणजे चिनी बुद्धिबळ, शिकावयाचे आहे, परंतु चिनी लिपी वाचता येत नाही. इंग्रजीतून सुरुवात कशी करावी?

प्रतिसाद १: एच. टी. लाऊ यांचे ‘चायनीज चेस’ हे इंग्रजी पुस्तक नवशिक्यांना पुरते. सोंगट्यांवरची अक्षरे मात्र ओळखायला शिकाच. दोन्ही बाजूंची मिळून ती फार तर १४ आहेत.

प्रतिसाद २: चालींच्या इंग्रजी नोंदीत ‘सी२=५’ (सी म्हणजे कॅनन, तोफ) म्हणजे दुसऱ्या उभ्या रेषेवरची तोफ आडवी सरकून पाचव्या रेषेवर येते. प्रत्येक खेळाडू या रेषा आपल्या उजवीकडून मोजतो, हे ठाऊक नसल्याने मी कित्येक डाव उलटेच मांडले होते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. घोडा आपल्यासारखाच चालतो ना?

प्रतिसाद २: चाल तशीच, पण सरळ लगतच्या बिंदूवर (रेषा जिथे छेदतात तिथे) सोंगटी असल्यास त्या दिशेने त्याला जाता येत नाही.